मनातले कुणाला कळते?

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापून निघाला. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील १८८१ च्या खटल्याचे. अर्भकाच्या हत्येबद्दल तिला फाशी सुनावली गेली (पुढे ती शिक्षा कमी झाली), आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दोषी ठरवले. ताराबाईंनी स्त्रियांवरचा एकेक आरोप उचलला आणि विचारले, हा दुर्गुण पुरुषांत नाही काय?

हा निबंध विज्ञानाचा नव्हे. रागाच्या भरात ताराबाईही साऱ्या पुरुषांना एका रांगेत उभे करतात, ही त्यातली उणीवच. पण दोघांना एकच माप लावा, ही तुलनेची पहिली अट त्यांनी बरोबर पकडली होती. ही अट आपण एका गोड समजुतीला लावून पाहू. समजूत अशी: दुसऱ्याच्या मनातले बायकांना उपजतच कळते, पुरुषांना कळत नाही.

समजुतीत तथ्य आहे का? थोडे आहे. १९७८ मध्ये ज्युडिथ हॉल यांनी ७५ अभ्यास एकत्र तपासले. चेहरा, हावभाव, आवाज यांवरून भावना ओळखण्यात स्त्रिया सरासरीने पुढे दिसल्या. २०२२ मध्ये ५७ देशांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फक्त डोळ्यांचे छायाचित्र पाहून भाव ओळखायचा होता. ३६ देशांत स्त्रियांची सरासरी जास्त निघाली, २१ देशांत दोघे जवळपास सारखे. पुरुष पुढे, असा एकही देश नव्हता.

पण फरक केवढा? २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात तो प्रमाणित विचलनाच्या जेमतेम एक पंचमांश आढळला. सोप्या भाषेत सांगायचे तर एक स्त्री व एक पुरुष अशा १०० जोड्या घेतल्या, तर सुमारे ५५ जोड्यांत स्त्रीला जास्त गुण मिळतील आणि ४५ जोड्यांत पुरुषाला. एवढ्यावरून समोरच्या एका मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल काय सांगता येईल? जवळजवळ काहीच नाही.

आणखी एक गोष्ट. २००१ मध्ये क्लाइन आणि हॉजेस यांनी एका प्रयोगात अचूक उत्तराला पैसे देऊ केले. स्त्रिया व पुरुष दोघांचीही अचूकता वाढली आणि त्यांच्यातला फरक नाहीसा झाला. म्हणजे निदान त्या कामात पुरुषांना कळत नव्हते असे नाही. कळून घेण्याचे कारण मिळताच कळू लागले.

वर्गात याचा अर्थ काय? रडणाऱ्या लहानग्याला समजवायला आपण मुलीलाच पाठवतो. मुलगा दुखावणारे बोलला, तर ‘मुलगाच तो, त्याला कुठले कळणार’ म्हणून सोडून देतो. एकीला रोजचा सराव, दुसऱ्याला रोजची सूट! मग वर्षअखेरीस दिसणारा फरक निसर्गाचा की आपला, हे कसे ठरवायचे?

एक प्रयोग करून पाहा. काही विद्यार्थ्यांनी न बोलता दहा भाव करून दाखवावेत, बाकीच्यांनी ओळखून लिहावेत. उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. मुलामुलींची सरासरी काढाच, पण सगळे गुण एकाच आलेखावर मांडा. दोन्ही गट एकमेकांत किती मिसळले आहेत, ते मुलांनाच पाहू द्या. आणि पुढच्या वेळी रडणाऱ्या लहानग्याकडे एखाद्या मुलाला पाठवा.