बिननावाचा चेक

राजकारण्यांना चिमटे काढायचे तर ते गात-नाचत काढावेत, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. तमाशात गण झाला, गौळण झाली, की बतावणीत सोंगाड्या सरकारची हजेरी घेणारच! १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, तर त्यातला हवालदार रंगवताना दादा कोंडके ताज्या राजकारणावरचे टोमणे पदरचे घालीत.

आता जेवणं उरकल्यावर टीव्हीवरही पुढाऱ्यांच्या नकला गाण्याच्या चालीवर चालतात. आवाज हुबेहूब, ढोलकी झकास. पण आम्हां बँकेतल्या कारकुनांना चेकवर आधी नाव बघायची खोड! आणि इथं नावच नसतं. ‘भ्रष्ट पुढारी’ ही रक्कम जमा करायची कुणाच्या खात्यात?

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्याच खेपेला ५ लाख लिटर! असल्या प्रसंगावर टीव्हीवाला ‘सगळे पुढारी सारखेच’ एवढं गाऊन मोकळा होईल. नांदेडकडच्या माळेगाव यात्रेतला सोंगाड्या मात्र टँकर कुणाच्या मेव्हण्याचा, असं विचारील. आणि मेव्हणा नेमका पुढच्याच रांगेत असायचा! चारचौघांत त्यालाही हसावं लागणार.

कडू गोळी घशाखाली उतरावी म्हणून गाण्याचा गूळ. टीव्हीवर गूळ भरपूर, गोळी तेवढी राहून जाते. आपण पोटभर हसतो आणि सकाळी हंडा घेऊन नळापुढं उभे राहतो.