पहिली आणि शेवटची तबकडी

पाचोऱ्यात बसून मुंबईच्या रॉक बँडवर लिहिण्याचा तुला काय अधिकार, असे एका मित्राने विचारले. अधिकार काहीच नाही. मराठीत या विषयावर वाचायला हाती फारसे लागेना, म्हणून ऐकत गेलो आणि टिपणे काढली.

'ॲटोमिक फॉरेस्ट' हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा सायकेडेलिक रॉक बँड. त्यांचा 'ऑब्सेशन ७७' हा एकमेव अल्बम. नावात ७७, पण तबकडी बाजारात आली १९८१ मध्ये, बँड मोडल्यानंतर. म्हणजे पदार्पण आणि निरोप एकाच वेष्टनात. पुढे २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने ती नव्याने काढली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

'हरवलेला खजिना' म्हणून अशा तबकड्यांचे कौतुक होते. मला ते अर्धेच पटते. सायकेडेलिक म्हणजे भान सैलावणारे, लांबत जाणारे वादन, ही अपेक्षा धरून ऐकले तर निराशा होते. गिटारचा खरखरीत, फाटका सूर आहे. पण खाली ठेका नाचाचा, फंकचा आहे. सत्तरीच्या आरंभीची मैफल इथे नाही. ती ओसरल्यावर उरलेली तिची सवय आहे. बँडचे ऐन दिवस मंचावर गेले, तबकडीला मिळाली संध्याकाळ. दोष वादकांचा म्हणता येत नाही. रॉकला तबकडी मिळणेच जिथे दुर्मीळ, तिथे बँडने आपली वेळ निवडायची कशी?

आता आपल्याकडे वळतो. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये येशू होता याच बँडचा गायक मधुकर चंद्रदास, आणि जुडास होता नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरातला मुलगा इंग्रजी रॉक गात होता. त्याच शहरात पखवाज शिकणारे अरुण कोलटकर इंग्रजीत गाणी लिहीत होते. लघुअनियतकालिकांवर आपण ग्रंथ लिहिले. त्याच पिढीच्या कानात काय वाजत होते, हे मात्र क्वचितच नोंदवले. भाषा इंग्रजी, म्हणून विषय परका, असे आपण धरून चाललो. कोलटकरांची इंग्रजी कविता आपली मानताना ही अट आपल्याला आठवत नाही.

हा अल्बम थोर नाही. तरीही तो मराठी समीक्षेच्या कक्षेत यायला हवा, कारण तो ज्या मुंबईत घडला ती आपल्या साहित्याचीही मुंबई आहे. मुंबईची गाडी पाचोऱ्यावरून रोज जाते. तिकडची कादंबरी आणि कविता आमच्यापर्यंत पोचली. ही तबकडी पोचायला कॅलिफोर्नियाला वळसा घालावा लागला.