नाम, विधी आणि मौन : जादूच्या वस्तूंच्या नियमवाचनाचा विचार

मेजाभोवती बसून खेळावयाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यातील जादूच्या वस्तूंची वर्णने हा नियमलेखनाचा एक स्वतंत्र गद्यप्रकार होय. थोडक्या ओळींत वस्तूचे नाव, कार्य व मर्यादा सांगावयाची आणि लेखकाच्या ध्यानीमनी नसलेल्या प्रसंगी त्याच ओळींनी निर्णय द्यावयाचा, असे दुहेरी ओझे या गद्यावर असते. ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ साली ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे शंकासमाधानाचे सदर सुरू झाले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. परंतु या शंका एकाच जातीच्या नसतात. त्यांतील भेद न ओळखता सूत्रधाराने, म्हणजे डंजन मास्टरने, दिलेला निर्णय खेळाडूच्या कल्पकतेवर अन्याय तरी करतो, नाही तर तिला अवाजवी मोकळीक तरी देतो.

पहिली जात नाम आणि विधी यांच्या विरोधातून उद्भवते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘इमूव्हेबल रॉड’ नावाने अचल आहे; पण वीस बाजूंच्या फाशावर शक्तीची कसोटी घेऊन ३० चा आकडा गाठणारा जीव तो दंड १० फुटांपर्यंत हलवू शकतो, असे वर्णनातच सांगितले आहे. ‘डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर’ या सुरईचे पाणी नावाने अनंत आहे. पण त्याच आवृत्तीप्रमाणे ते खेळाडूच्या पुढच्या पाळीच्या आरंभी थांबते. मीमांसकांनी नामधेय आणि विधी हे वेगळे मानले, तो विवेक येथे तंतोतंत लागू पडतो. नाव वस्तूची ओळख पटविते. अधिकार देत नाही.

मात्र विधीने दिलेला अधिकार सूत्रधाराने केवळ आश्चर्य वाटले म्हणून काढून घेऊ नये. या सुरईचा सर्वांत मोठा प्रवाह एका वेळी ३० गॅलन पाणी देतो. एक फेरी सहा सेकंदांची असल्याने, दर फेरीस आज्ञाशब्द पुन्हा उच्चारल्यास मिनिटाला ३०० गॅलन होतात. २० फूट लांब, २० फूट रुंद व १० फूट उंच अशी बंदिस्त खोली या हिशेबाने सुमारे १०० मिनिटांत भरते. खोली बुडविण्याच्या या युक्तीला सूत्रधाराच्या कृपेची गरज नाही. गरज आहे ती चिकाटीची आणि गुणाकाराची.

दुसरी जात संदिग्ध शब्दांची. अचल दंड ८,००० पौंड वजन पेलतो. त्याहून अधिक भार आल्यास त्याची जादू बंद पडून तो खाली पडतो. आता चालत्या जहाजाच्या पोटात, आतील आडव्या भिंतीपुढे, एखाद्याने तो रोवला तर काय व्हावे? जहाजाचे वजन पाण्याने पेललेले आहे, दंडाने नव्हे. म्हणून जहाज फुटलेच पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. ‘वजन’ म्हणजे लक्षणेने ‘जोर’, म्हणून दंडच निकामी झाला पाहिजे, असे दुसरा म्हणतो. संदिग्ध शब्दाचा अर्थ वाक्यशेषावरून ठरवावा, हा मीमांसेचा दंडक आहे. माखलेले खडे मांडावेत असे विधिवाक्य असता, ते कशाने माखावयाचे हे पुढे आलेल्या तुपाच्या स्तुतीवरून ठरते. येथे वाक्यशेष असे सांगतो की ढकलण्याचा विचार संहितेने वजनाहून वेगळा केला आहे, आणि ढकलल्याचा परिणाम दंड सरकणे हा आहे, निकामी होणे हा नव्हे. तेथे ‘जीव’ असा शब्द आहे आणि जहाज जीव नाही, हे खरे. तरीही जवळचा नियम तोच. तेव्हा जहाजाच्या जोराची तशीच कसोटी घ्यावी, हा निर्णय दोन्ही पक्षांपेक्षा संहितेशी अधिक प्रामाणिक ठरतो.

याच दंडाविषयी आणखी एक शंका निघते: पृथ्वी फिरते, मग ‘जागच्या जागी स्थिर’ झालेला दंड क्षणात दूर का निघून जात नाही? २०२४ च्या सूत्रधार-ग्रंथाने नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असे बजावून अशा युक्तिवादांची वाट बंद केली आहे. निष्कर्ष ग्राह्य आहे, पण कारण अपुरे आहे. कारण तेवढ्यावर जहाजाच्या वेगाचा प्रश्नही उडवून लावता येईल. खरे कारण भाषिक आहे. ‘जागा’ हा शब्द नेहमी बोलणाऱ्याच्या भूमीची अपेक्षा धरतो. बोलणाऱ्याला जमीन स्थिर व जहाज चालते वाटते. नियम त्याच्याच भाषेत लिहिलेला आहे.

तिसरी जात मौनाची. आणि हे मौन कधी कधी संपादनाने उत्पन्न होते. १९७९ च्या ग्रंथात ‘बॅग ऑफ होल्डिंग’ ही पिशवी ‘पोर्टेबल होल’मध्ये ठेवल्यास एक परिणाम होई आणि ते विवर पिशवीत ठेवल्यास दुसरा, आधार आणि आधेय यांची अदलाबदल झाली की फळ बदलत असे. २०१४ मध्ये दोहोंचे फळ एकच झाले: दोन्ही वस्तू नष्ट होतात, द्वार उघडते आणि १० फुटांच्या आतील जीव त्यात ओढले जातात. नियम सुटसुटीत झाला, पण अधिकरण कारकातील विचार हरवला.

जेथे संहिता खरोखरच मुकी आहे, तेथे ‘निषेध नाही म्हणून अनुज्ञा’ आणि ‘उल्लेख नाही म्हणून अभाव’ ही दोन्ही सूत्रे सारखीच आळशी आहेत. २०२४ चा ग्रंथ सद्भावनेने वाचा असे सांगतो; पण सद्भावना ही वृत्ती आहे, अर्थनिर्णयाची पद्धती नव्हे. जो निर्णय उद्या शत्रूच्या हाती तीच वस्तू आली असताही सूत्रधार व खेळाडू दोघांना मान्य राहील, तोच आज द्यावा. असा निर्णय पूर्वनिर्णय म्हणून टिकतो, आणि त्याच्या भरवशावर खेळाडूला पुढची युक्ती आखता येते. तो भरवसा नसेल तर कल्पकता म्हणजे केवळ सूत्रधाराची मर्जी राखणे, एवढेच उरते.