तत्त्वज्ञानाचे प्रयोजन आणि समीक्षेतील ‘म्हणून’

तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाचे प्रयोजन काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने टाळण्याजोगा नाही. आगरकरांच्या ‘सुधारक’चे (१८८८) स्मरण राखून दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केले आणि तात्त्विक चिंतन वर्गाबाहेर आणले. त्यांच्या विवेकवादी लेखनातील एक भेद येथे प्रस्तुत ठरतो: वस्तुस्थितीचे विधान वेगळे, मूल्यविधान वेगळे, केवळ पहिल्यातून दुसरे निष्पन्न होत नाही. दलित साहित्याच्या चर्चेत ‘अनुभव अस्सल, म्हणून कविता श्रेष्ठ’ असे एक पक्ष म्हणतो; ‘प्रचार आहे, म्हणून कविता नव्हे’ असे दुसरा. दोहोंतील ‘म्हणून’ एका अनुच्चारित निकषावर उभा असतो. तो निकष उघड केला तर त्याच्याशी वाद घालता येतो. झाकून ठेवला तर समीक्षा म्हणजे अभिरुचीचा हुकूम होतो. तत्त्वज्ञान तयार निकष पुरवीत नाही, कवितेचे वाचनही आपल्यासाठी करून देत नाही. ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु आपण युक्तिवाद कोठे केला आणि केवळ पसंती कोठे नोंदवली, हे ओळखण्याची सवय त्याच्या अध्ययनाने जडते. समीक्षकाला एवढे प्रयोजन पुरेसे आहे.