दुवा पाठवला म्हणजे झालं का?

आपल्या गटावर आठवड्याला दोन-चार तरी दुवे येतात. खाली एवढंच लिहिलेलं असतं : 'अमूल्य खजिना, जरूर पाहा.' मीही असे कितीतरी पाठवलेत, तेव्हा ही टीका आधी माझ्यावर. खजिना खराच आहे, किल्ली मात्र कुणी देत नाही.

'इंटरनेट अर्काइव्ह'चंच बघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड (२१ वा, १८८४, संपादक जेम्स कॅम्पबेल) तिथे फुकट वाचता येतो. पण शोधताना 'बेळगावी' टाकाल तर फसाल. ते अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. जुन्या कागदांत इंग्रजी 'बेलगाम'च आहे. त्यातून शहापूर, निपाणी ही नावं तिथे स्वरांवर चिन्हं देऊन छापलीत. यंत्र ती वाचताना अडखळतं आणि शोध कोरा येतो. आपण म्हणतो, 'माहितीच नाही.' माहिती असते. शेवटची सूची उघडून पान काढावं लागतं, इतकंच.

दुसरी अडचण हद्दीची. आमच्या खासबागेला लागूनच असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. ब्रिटिश जिल्ह्याच्या तक्त्यातले आकडे शहापूरच्या विणकरांना लावले, की निबंध तिथेच चुकला. आणि नुसतं 'खासबाग' शोधलंत तर कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान पुढे येतं!

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मोडी कागदातला एखादा शब्द अडला, तर हे दोन्ही एकदम उघडावेत. माझ्या मते अभ्यासकाला सगळ्यात उपयोगी फुकट जागा हीच. गटावर मात्र ती क्वचितच दिसते.

नीट वापरलं तर काय मिळतं, याचा एकच दाखला देतो. किल्ल्यातली कमल बस्ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, १२०४ सालचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या १३ व्या खंडात छापलंय. मजकूर जुन्या कन्नडचा. म्हणून एका कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याला शेजारी बसवून घरीच वाचला. तिकीट, व्हिसा, कशाची गरज पडली नाही. पण ज्या दुव्यावरून तिथे पोचलो, त्यात ना खंड होता ना पान. दोन रविवार शोधण्यातच गेले.

नोकरीत आमचा एक नियम होता : नकाशावर क्रमांक आणि सुधारणेची तारीख नसेल, तर तो साइटवर न्यायचाच नाही. चुकीच्या नकाशावर उभी केलेली भिंत पाडता तरी येते. चुकीचं अवतरण निबंधातून निबंधात जातं आणि दहा वर्षांनी 'पुरावा' होऊन बसतं.

म्हणून विनंती एवढीच. यापुढे दुवा पाठवताना चार गोष्टी लिहा : ग्रंथाचं नाव व साल, खंड आणि पान, तुम्हाला तिथे नेमकं काय सापडलं, आणि कुठे सावध राहायचं. चार ओळी लागतील. दुवे कमी येतील, हरकत नाही. आलेला प्रत्येक दुवा कुणीतरी उघडून वाचलेला असेल.