प्राथमिक आरोग्य केंद्र : अग्रक्रम कोणाचे?

ग्रामीण महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रासंबंधीचे बहुतेक लेखन रिक्त पदे, औषधांचा तुटवडा आणि अपुरी इमारत या तीन तक्रारींभोवती फिरत राहते. तक्रारी खऱ्याच आहेत. तथापि सर्व पदे भरली गेली आणि औषधांचे कपाट भरलेले असले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. त्या केंद्राने आधी काय करावे, हे कोण ठरवते?

या संस्थेची मूळ कल्पना भोर समितीची. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेले. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे समितीच्या १९४६ च्या अहवालाचे पायाभूत तत्त्व होय. अहवालातील अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र होते. तेथे २ डॉक्टरांच्या जोडीला ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका व २ स्वच्छता निरीक्षक असावेत, अशी अपेक्षा होती. उपचार आणि प्रतिबंध एकाच छपराखाली आणणारी ही रचना होती. दीर्घकालीन योजनेत तर प्राथमिक घटकालाही ७५ खाटांचे रुग्णालय होते. १९५२ नंतर सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर जी केंद्रे प्रत्यक्षात उभी राहिली, ती चार-सहा खाटांच्या पुढे गेली नाहीत. लोकसंख्येचे प्रमाण पुढे सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० असे सुधारले. मात्र केंद्राने गावाकडे पाहण्याची जी दृष्टी समितीला अभिप्रेत होती, ती मागे पडली.

तिची जागा उद्दिष्टांनी घेतली. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे मार्चअखेर पूर्ण करणे, हेच कित्येक वर्षे केंद्राचे खरे वार्षिक काम होते. १९९६ मध्ये ही उद्दिष्टपद्धती अधिकृतपणे रद्द झाली, पण जे मासिक अहवालात मोजले जाते तेच काम, ही सवय काही रद्द झाली नाही. २००७ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी प्रत्येक डॉक्टरमागे दररोज किमान ४० बाह्यरुग्णांची अपेक्षा ठेवली. हा आकडा दारात आलेल्यांना मोजतो. जे आलेच नाहीत, त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

न आलेल्यांची संख्या किती मोठी असू शकते, हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या काळात आरोग्ययंत्रणा ग्रामीण स्त्रीच्या गर्भाशयाविषयी इतकी दक्ष होती, त्याच काळात त्या गर्भाशयाच्या आजारांची तिच्याकडे नोंदही नव्हती. या विसंगतीसाठी कर्मचाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे चोख पाठविली होती.

याउलट उदाहरण महाड तालुक्यातील बिरवाडीचे. डॉ. हिंमतराव बावस्कर तेथील केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना तांबड्या विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत. कोणत्याही राष्ट्रीय कार्यक्रमात विंचू नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून हृदय व फुप्फुसांवरील परिणाम टिपले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. स्थानिक आरोग्यसंस्थेने स्थानिक प्रश्नाला अग्रक्रम दिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण विरळाच. परंतु ते व्यक्तीच्या जिद्दीचे उदाहरण आहे, व्यवस्थेचे नव्हे; त्याचे कौतुक करताना नेमके हेच विसरले जाते.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही उणीव ओळखली होती, असे म्हणता येईल. रुग्ण कल्याण समिती आणि अबंधित निधी ही त्याची साधने. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावाने केंद्राला गुणपत्रक द्यावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावे, ही गोष्ट क्रांतिकारकच होती. तरीही तिची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. डॉक्टर हजर असतात का, औषध बाहेरून आणावे लागते का, असे प्रश्न प्रामुख्याने विचारले गेले. म्हणजे ठरलेल्या सेवा मिळतात की नाही, हे गाव पाहू लागले; कोणत्या सेवा ठरवाव्यात, हा अधिकार वरच राहिला.

याला रचनेचाही अडसर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे. कार्यक्रमांचा पैसा व तक्ते दिल्ली-मुंबईहून येतात. परिषदेच्या आरोग्य समितीपुढे त्यामुळे बहुधा खरेदी, दुरुस्ती व बदल्या एवढेच विषय उरतात. २०१८ नंतर केंद्रांना ‘आरोग्यवर्धिनी’ म्हटले गेले, २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव आले. सेवांची यादी वाढली, मानसिक आरोग्य व वृद्धांची देखभाल तीत आली, हे स्वागतार्ह. पण यादी पुन्हा देशभर एकच आहे. भाताच्या खाचरात सर्पदंश होणारा तालुका आणि ऊसतोडीला निम्मे गाव बाहेर जाणारा तालुका यांनी तोच तक्ता भरावयाचा आहे. वार्षिक कृती आराखड्यात प्रत्येक केंद्राला निदान एक स्थानिक आजार स्वतः निवडता यावा, त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि त्याचा हिशेब रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवला जावा, एवढी सुधारणा जिल्हा परिषदेच्या आवाक्याबाहेरची नाही.