निवविणारी कला

जपानी ‘ॲनिमे’मध्यें ‘इयाशीकेई’, म्हणजे मन निवविणारा, असा एक प्रकार मानिला जातो. त्यांत खलपुरुष नाहीं, पेच नाहीं, जयपराजय नाहीं. पाऊस पडतो, चहा उकळतो, कोणी तरी पायीं चालत जातें. अशा कलेवर पळपुटेपणाचा आरोप सहज होण्यासारखा आहे. तो कितपत खरा, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हें नांव जपानांत रूढ झालें तें १९९५ नंतरच्या काळांत. त्या वर्षीं जानेवारींत कोबेच्या भूकंपानें ६,००० हून अधिक बळी घेतले आणि मार्चांत टोकियोच्या भुयारी रेल्वेंत विषारी वायु सोडण्यांत आला. निवविण्याची भाषा अशी जखमेच्या पाठोपाठ आली. नांव नवें असलें तरी वस्तु मात्र जुनी आहे.

हायाओ मियाझाकी यांचा ‘माझा शेजारी तोतोरो’ हा चित्रपट १९८८ मधील. सात्सुकी व मेई या बहिणी बापाबरोबर खेड्यांत राहावयास येतात. आई रुग्णालयांत आहे. एका रात्रीं बसथांब्यावर पाऊस पडत आहे, धाकटी पाठीवर झोंपली आहे, बापाचा पत्ता नाहीं. रानांतला अजस्र तोतोरो शेजारीं येऊन उभा राहतो. छत्रीवरील थेंबांचा आवाज त्यास इतका आवडतो कीं, उडी मारून तो झाडावरचें सारें पाणी खालीं पाडतो. एवढेंच घडतें. पण पुढें रुग्णालयाची तार येते, आणि आई मेली तर काय, म्हणून शहाणी थोरली बहीण हंबरडा फोडते. तेव्हां त्या पावसांतील शांततेचें मोल कळतें. ती भीतीला पोटाशीं घेऊनच बसलेली होती.

हितोशी आशिनानो यांच्या ‘योकोहामा काइदाशी किको’ या चित्रकथेंतही (१९९४–२००६) समुद्र चढत आहे, मनुष्यजात ओसरत आहे. आणि आल्फा नांवाची यंत्रस्त्री क्वचित् येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत कॉफीचें दुकान चालविते.

नाट्यांत शांतरसाचा परिपोष होत नाहीं, असें दशरूपककार धनंजयाचें मत होतें. अभिनवगुप्तानें त्या रसाचा कैवार घेतला. या कृती पाहतां अभिनवगुप्ताची बाजू बळकट होते असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. येथें निर्वेद नाहीं, ओढ आहे. नाहींशा होणाऱ्या गोष्टींवर जीव जडला आहे, म्हणूनच त्यांच्याकडे इतकें हळू पाहावेंसें वाटतें.

हीच कसोटी लावली म्हणजे उणेंही दिसतें. ‘युरु कॅम्प’ (२०१८) या मालिकेंत फुजी पर्वताच्या आसमंतांत तंबू ठोकणाऱ्या मुली आहेत. एकमेकींच्या एकांताचा त्या मान राखतात, हें गोड आहे. पण कोणाचें कांहीं हरवण्याजोगें नसल्यामुळें तो गोडवा जिभेवरच विरतो.

तात्पर्य, निवविणारी कला दुःखापासून पळते तेव्हां ती नुसती गुंगी आणते. दुःख शेजारीं असतां ती चहा उकळते, तेव्हांच ती औषध होते.